बाईंची पोतडी : पाच आवडी आणि एक चूक

दोस्तांनो,

शाळा सुरू झाली, नव्या वह्यांना कव्हरं घालून झाली आणि पहिल्याच आठवड्यात पावसानं त्या कव्हरांवर नक्षीही काढून ठेवली! तुमच्याकडेही असंच झालं असणार. आमच्या वर्गात तर दोन बादल्यांना कायमची जागा मिळाली आहे. एक फळ्याखाली आणि एक खिडकीपाशी. टप्, टप्, टप्... पाढे म्हणायला आयताच ताल!

असो. महिन्याचा शेवटचा अंक म्हणजे आपली पोतडी उघडायचा दिवस. जुन्या वाचकांना हे ठाऊकच आहे. नव्यांसाठी सांगते. महिनाभरात मला जे आवडलं, त्यातल्या पाच गोष्टी मी या पोतडीतून काढते. एक टीव्हीवरची, एक सिनेमाची, एक पुस्तकाची, एक खाण्याची आणि एक ऐकण्याची. नियम एकच. नुसतं ‘भारी आहे’ म्हणून सुटायचं नाही. का आवडलं, ते सांगायचं.

या वेळी मात्र पोतडीच्या तळाशी सहावी वस्तूही निघाली. ती म्हणजे माझी एक चूक. ती लपवून ठेवावी असं आधी वाटलं होतं. पण तुमच्या वहीतल्या चुकांना मी लाल शाईनं गोल करते, मग स्वतःच्या चुकीला का नको? ती कुठली, ते चौथ्या नंबरावर कळेल. आधी पान उलटून पाहू नका हं!

१. टीव्ही : नकाशात नसलेलं गाव

या महिन्यात मी ‘मालगुडी डेज’ ही जुनी मालिका पुन्हा पाहिली. जुनी म्हणजे किती? १९८६-८७ साली ती दूरदर्शनवर आली होती. तुमच्या आईबाबांना विचारा. नुसतं नाव काढलंत तरी ते तिची सुरुवातीची धून गुणगुणायला लागतील. माझ्या घरी तसंच झालं.

मालगुडी हे दक्षिणेतलं एक छोटंसं गाव. तिथं नदी आहे, स्टेशन आहे, शाळा आहे. पण भारताच्या नकाशात बोट फिरवून ते शोधू नका. सापडणार नाही! आर. के. नारायण या लेखकानं ते मनातून वसवलं. त्या गावातला स्वामी नावाचा मुलगा अगदी तुमच्यासारखाच. सोमवार नकोसा, गणित नकोसं आणि क्रिकेट मात्र हवंहवंसं! मालिकेत स्वामीच्या वडिलांचं काम गिरीश कार्नाड यांनी केलंय. आणि सुरुवातीला जी रेखाचित्रं दिसतात, ती कुणाची? नारायण यांचे धाकटे भाऊ आर. के. लक्ष्मण यांची. हो, तेच ते, चौकटीच्या कोटातला ‘कॉमन मॅन’ काढणारे!

मालिकेचे दिग्दर्शक शंकर नाग कन्नड चित्रपटातले मोठे कलावंत. पण आपल्या मराठी ‘२२ जून १८९७’ या १९७९ सालच्या चित्रपटातही त्यांचा सहभाग होता. कर्नाटकात आगुंबे नावाचं खूप पावसाचं गाव आहे, तिथं त्यांनी मालगुडी उभं केलं. काही भाग अरसाळू नावाच्या छोट्याशा रेल्वे स्टेशनात चित्रित झाला. त्या स्टेशनात २०२० मध्ये रेल्वेनं ‘मालगुडी’चं संग्रहालयच केलं. म्हणजे बघा, जे गाव कधी नव्हतंच, त्याच्या नावानं आज खरंखुरं संग्रहालय आहे!

पण मला सगळ्यात आवडली ती या गोष्टीमागची गोष्ट. स्वामीची कादंबरी नारायण यांनी लिहिली तेव्हा ती छापायला कुणी तयारच होईना. हस्तलिखित इंग्लंडला जाई आणि नकार घेऊन परत येई. शेवटी वैतागून त्यांनी तिथल्या आपल्या मित्राला कळवलं, की त्या कागदांना एक दगड बांध आणि थेम्स नदीत बुडवून टाक! मित्र शहाणा. त्यानं नदीकडे न जाता ते कागद ग्रॅहम ग्रीन या इंग्रज लेखकाकडे नेले. ग्रीननं ते वाचले, त्याला ते आवडले आणि त्याच्या खटपटीनं १९३५ साली पुस्तक निघालं.

एका माणसानं नीट वाचलं म्हणून स्वामी वाचला. नाहीतर तो थेम्सच्या तळाशी असता. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

२. सिनेमा : कुंडीतल्या वाटाण्यापासून

सिनेमा पाहिला ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. परेश मोकाशी यांचा २००९ सालचा मराठी चित्रपट. त्या वर्षी ऑस्करच्या स्पर्धेसाठी भारतातर्फे हाच पाठवला होता. नाव ऐकून आमच्या वर्गातल्या एकीनं विचारलं, ‘‘बाई, कसली फॅक्टरी? बिस्किटांची?’’

नाही गं बाई! ही गोष्ट आहे दादासाहेब फाळके यांची. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या माणसानं ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढला. ३ मे १९१३ रोजी तो मुंबईला गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात लागला आणि आपल्या देशातल्या चित्रपटांची खरी सुरुवात झाली. त्या काळी सिनेमात काम करणं लोकांना कमीपणाचं वाटे. म्हणून फाळके आपल्या मंडळींना म्हणत, कुणी विचारलं तर सांगा, आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत! समजलं ना आता नाव?

बाईची भूमिका करायला बाई मिळेना. मग तारामती कोण झालं? अण्णा साळुंके नावाचे एक गृहस्थ. ते एका उपाहारगृहात कामाला होते! मिशी काढायची म्हटल्यावर एकेकाचे चेहरे कसे पडतात, ते सिनेमात बघाच. आम्ही पोट धरून हसलो. रोहिदास झाला फाळक्यांचा स्वतःचाच मुलगा, भालचंद्र.

आता मला आवडलेली जागा सांगते. सिनेमा काढायला पैसा लागतो. आणि ‘मी हलणारी चित्रं काढणार आहे’ असं म्हणणाऱ्या माणसाला पैसा कोण देणार? लोकांना वाटलं, यांचं डोकं फिरलं! मग फाळक्यांनी काय करावं? कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा लावला. महिन्याहून जास्त दिवस ते त्या कुंडीची थोडी थोडी चित्रं घेत राहिले. सगळी एकत्र जोडून पडद्यावर दाखवली, तर काय! बी फुटलं, कोंब वर आला, वेल सरसर चढला. महिनाभराची वाढ जेमतेम मिनिटभरात. ते पाहिल्यावर कर्ज द्यायला माणसं पुढे आली.

त्यांच्यावर अगदी पहिल्यापासून विश्वास ठेवणारं एक माणूस मात्र घरातच होतं. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. त्यांनी आपले दागिने दिले. दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला आणि रात्री फिल्मच्या पट्टीला भोकं पाडायचं किचकट कामही केलं. लोक फाळक्यांना हसत होते, तेव्हा सरस्वतीबाई त्यांचं ऐकत होत्या.

वाटाण्याचा प्रयोग तुम्हीही करू शकता. एका कुंडीत वाटाणा पेरा. रोज एकाच वेळी, एकाच जागेवरून, घरातल्या मोठ्यांच्या मोबाइलवर एक फोटो घ्या. वीस दिवसांनी ते फोटो भराभर सरकवून पाहा. आमच्या वर्गाचा आज सातवा दिवस आहे. पाचव्या दिवसाचा फोटो नाही, कारण त्या दिवशी मीच विसरले. (ही ती चूक नव्हे. ती पुढे आहे!)

३. पुस्तक : चार तास बोलणारी मुलगी

पुस्तक आहे ‘तोत्तोचान’. जपानच्या तेत्सुको कुरोयानागी यांनी लिहिलेलं, चेतना सरदेशमुख गोसावी यांनी मराठीत आणलेलं आणि नॅशनल बुक ट्रस्टनं काढलेलं. जपानीत ते १९८१ साली आलं. मी ते डी. एड.ला असताना एकदा वाचलं होतं. तेव्हा परीक्षेसाठी वाचलं. या महिन्यात रात्री, पाऊस ऐकत, नुसतं वाचण्यासाठी वाचलं. दोन्ही वाचनांत फार फरक असतो हो!

तेत्सुको म्हणजे लेखिका स्वतःच. लोक तिला ‘तेत्सुकोचान’ म्हणायचे. जपानीत लहान मुलांच्या नावापुढे लाडानं ‘चान’ लावतात. पण तिला स्वतःचं नाव ऐकू यायचं ‘तोत्तोचान’! म्हणून पुस्तकाचं नावही तेच.

ही तोत्तोचान पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली मुलगी. काय केलं होतं तिनं? बाकाचं झाकण दिवसातून शंभरदा उघडायचं आणि मिटायचं. खिडकीत उभं राहून रस्त्यावरच्या वादकांना हाका मारायच्या. तिच्या बाई अगदी रडकुंडीला आल्या होत्या. (मला त्या बाईंचीही थोडी दया आली, खोटं कशाला बोलू!)

मग आई तिला दुसऱ्या शाळेत घेऊन जाते. शाळेचं नाव तोमोए. वर्ग कसले, तर रेल्वेचे जुने डबे! हेडमास्तर कोबायाशी तिला समोर बसवतात आणि म्हणतात, तुला जे सांगायचं असेल ते सगळं सांग. तोत्तोचान बोलायला लागते. कुत्र्याबद्दल, कपड्यांबद्दल, आगगाडीबद्दल, वाहत्या नाकाबद्दलसुद्धा. आता सांगण्यासारखं काहीच उरलं नाही, इथपर्यंत ती बोलते. किती वेळ? चार तास! आणि हेडमास्तर चार तासांत एकदाही जांभई देत नाहीत. घड्याळाकडे पाहत नाहीत. मग सांगतात, आजपासून तू या शाळेची.

याच शाळेतली डब्याची गोष्टही मला फार आवडली. डब्यात थोडं समुद्रातलं असावं आणि थोडं डोंगरावरचं, एवढंच हेडमास्तरांचं म्हणणं. कुणी काय आणलं, महागाचं की साधं, हा प्रश्नच नाही. जेवणाच्या वेळी हेडमास्तर प्रत्येक डब्यात डोकावतात. मागून त्यांच्या पत्नी दोन पातेली घेऊन येतात. डब्यात समुद्रातलं नसेल तर एका पातेल्यातून वाढायचं, डोंगरावरचं नसेल तर दुसऱ्यातून. झालं! कुणाचा डबा कमी नाही आणि कुणाचा जास्त नाही.

ही शाळा खरी होती. १९४५ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात टोकियोवर बॉम्ब पडले आणि ती जळून गेली. पण ती खोडकर मुलगी मोठी झाली. जपानच्या टीव्हीवरची लाडकी कलावंत झाली. १९८४ पासून ‘युनिसेफ’ची सदिच्छादूत म्हणून जगातल्या मुलांसाठी हिंडली. २०२३ मध्ये या पुस्तकावर जपानमध्ये कार्टूनपटही निघाला. जिला पहिलीत काढून टाकलं होतं, तिनं केवढं काय काय केलं, पाहा!

हे पुस्तक वाचता वाचता एका पानावर मी थांबले. तेच, चार तासांचं पान. आणि मला आदल्या दिवशीचा वर्ग आठवला.

४. खाणं : शेवळं, आणि माझी चूक

आता ऐका.

दर शनिवारी आमच्याकडे ‘आवडीचा तास’ असतो. प्रत्येकानं उठायचं आणि या आठवड्यात काय आवडलं ते सांगायचं. त्या शनिवारी कुणी कार्टून सांगितलं, कुणी क्रिकेटची मॅच. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचं नाव सांगत नाही, कारण तोही हे पान वाचतो. एरवी तो फार बोलत नाही. हात तर कधीच वर करत नाही. त्या दिवशी केला. म्हणाला,

‘‘बाई, मला शेवळं आवडली.’’

वर्गात एकच खसखस पिकली. ‘‘ईऽऽ! शेवळं!’’ ‘‘घसा खाजतो त्यानं!’’ ‘‘जंगलातलं खातो हा!’’

तो म्हणाला, ‘‘नाय बाई, काकडं टाकली ना, की खाजत नाय. आजी ना...’’

आणि मी काय केलं? मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. अजून बाराजण बाकी होते. मी म्हटलं, ‘‘बरं बरं, खाण्याचं नंतर. आधी टीव्ही-सिनेमाचं सांगा. बस तू.’’

तो बसला. मी पुढच्या मुलीचं नाव घेतलं. मी त्याला रागावले नाही, काही वाईट बोलले नाही. हसणाऱ्यांना थांबवलं मात्र नाही. आणि त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. त्याचं ‘आजी ना’ तसंच हवेत लोंबकळत राहिलं.

दुसऱ्या रात्री ‘तोत्तोचान’ वाचताना हिशेब केला. कोबायाशी मास्तरांनी दिले चार तास. मी दिलं अर्धं मिनिट. तेही पुरतं नाही.

सोमवारी प्रार्थना झाल्यावर मी सगळ्या वर्गासमोर म्हटलं, ‘‘शनिवारी मी याचं बोलणं मध्येच तोडलं. माझं चुकलं. माफ कर हं. आता सांगतोस का पुरं?’’

त्यानं मान हलवली. ‘‘नको, बाई.’’

मला वाटलं होतं, माफी मागितली की झालं. पण तसं नसतं, दोस्तांनो. एकदा मिटलेलं तोंड ‘उघड’ म्हटल्यानं उघडत नाही. ते खरंच ऐकायचंय, हे आधी दिसावं लागतं.

मग मी त्याला एकट्याला गाठून खरीखुरी अडचण विचारली. मला स्वतःला शेवळं निवडता येत नाहीत! आमच्या घरी कधी केली नव्हती. म्हटलं, ‘‘बाजारात जुड्या आल्यात. घ्याव्या म्हणते. पण आतलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, तेच मला कळत नाही.’’ तो काही बोलला नाही. पण गुरुवारी मधल्या सुट्टीत माझ्या टेबलावर एक स्टीलचा डबा येऊन बसला. आणि तो शेजारी उभा.

आमच्या शाळेत दुपारी खिचडी असते. मी खिचडीवर ती भाजी वाढून घेतली. वालाचे दाणे घातलेली, जरा दाटसर, काळपट रंगाची. दिसायला काही खास नव्हती, खरं सांगते. पण चव! आंबूस, खमंग आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखी काहीतरी. घसा? अजिबात खाजला नाही.

‘‘बाई, मला पण थोडी.’’ शनिवारी ‘ई’ म्हणणाऱ्यांतलीच एक जण आली. तिनं एक घास खाल्ला आणि गळ्यावर हात ठेवून ती पाच मिनिटं वाट पाहत बसली, खाज कधी सुटते म्हणून! सुटली नाही. मग दुसरा आला, तिसरा आला. कुणीतरी आपल्या डब्यातली सुकटीची चटणी मध्ये ठेवली. म्हणजे समुद्रातलं आलं आणि डोंगरावरचंही आलं! मी त्यांना तोमोए शाळेची गोष्ट सांगितली ती तेव्हाच.

आणि मग तो बोलायला लागला. कुणी ‘सांग’ म्हटलं नव्हतं. त्यानं जे सांगितलं ते माझ्या शब्दांत तुम्हांला सांगते.

शेवळं पहिल्या पावसाच्या आगेमागे जमिनीतून वर येतात. आधी पान नाहीच. जमिनीतून सरळ फुलाचा दांडाच वर येतो, गुंडाळलेल्या कागदाच्या सुरळीसारखा. पानं नंतर फुटतात. हे सुरणाच्या कुळातलं झाड. म्हणून सुरण, अळू आणि शेवळं ही तिघं खाजरी भावंडं! त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे, डोळ्यांना न दिसणारे सुईसारखे स्फटिक असतात. ते घशाला टोचतात, म्हणून खाज सुटते. शेवळं चिरताना हाताला तेल लावायचं. आतला पिवळसर, दाणेदार भाग काढून टाकायचा. आणि भाजीत आंबट घालायचंच. आपण अळूच्या फदफद्यात चिंच घालतो, तसं. शेवळांना काकडं लागतात. काकडं म्हणजे कोशिंबिरीची काकडी नव्हे हं! ती एका रानझाडाची छोटी, हिरवी, आंबट फळं. बाजारात शेवळं विकणाऱ्या मावश्या जुडीबरोबर मूठभर काकडंही देतात. ती ठेचून त्यांचा रस घालायचा.

सुया आणि स्फटिकांचं मी सांगितलं. बाकी सगळं त्यानं. त्या दिवशी त्या तासाला बाई दोन होत्या!

एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा. हे वाचून स्वतः रानात जाऊन काही उपटू नका आणि तोंडात घालू नका. रानातली एक भाजी खाण्याजोगी असते आणि तिच्यासारखीच दिसणारी दुसरी नसते. हे ओळखणाऱ्या माणसाबरोबरच जायचं. आणि घरी करायची ती मोठ्यांनीच.

५. ऐकणं : आजीचा पॉडकास्ट

पाचवी गोष्ट ऐकण्याची. ‘पॉडकास्ट’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. हा शब्द २००४ साली तयार झाला. खिशात मावणारं ‘आयपॉड’ हे गाण्यांचं यंत्र आणि ‘ब्रॉडकास्ट’ म्हणजे प्रसारण, या दोन शब्दांची ही आगगाडी. सोप्या भाषेत सांगायचं, तर आपल्याला हवा तेव्हा लावता येणारा रेडिओचा कार्यक्रम. ऐकून गोष्टीत रमणं आपल्याला काही नवं नाही. दिलीप प्रभावळकरांचा तुमचा लाडका ‘बोक्या सातबंडे’ पुस्तकात यायच्या आधी आकाशवाणीवरच अवतरला होता!

मी बीबीसी मराठीचा ‘गोष्ट दुनियेची’ ऐकला. जगातला एखादा प्रश्न घ्यायचा, त्यातल्या जाणकारांना बोलतं करायचं आणि तो उलगडून सांगायचा, असा हा पॉडकास्ट. सातवी-आठवीपासून पुढच्यांना जमेल. भाकरी करता करता मी तो ऐकते. मला त्यातलं आवडतं ते हे, की जाणकार माणसाला मध्येच तोडत नाहीत. त्याचं म्हणणं पुरं होऊ देतात. (हं, कळलं मला तुम्ही का हसलात ते!)

पण या महिन्यातला माझा सगळ्यात आवडता पॉडकास्ट तुम्हांला कुठंही मिळणार नाही. तो चार मिनिटांचा आहे आणि माझ्या मोबाइलमध्ये आहे.

झालं असं, की त्या डब्याच्या दिवशी मुलांनी प्रश्न विचारून त्याला भंडावून सोडलं. शेवळं कुठं उगवतात? तुला कशी दिसतात? साप नाही का येत? शेवटी तो म्हणाला, ‘‘मला काय विचारता? आजीला विचारा.’’ मग ठरलं, आजीलाच विचारायचं! दुसऱ्या दिवशी आजी शाळेत आली. पहिल्यांदा वर्गात रेकॉर्डिंग केलं. ऐकून पाहतो तर काय, आजीचा आवाज कुठंच नाही! पत्र्यावरच्या पावसाचाच कार्यक्रम! मग सगळे स्वयंपाकघराच्या पडवीत गेलो. तेवीस मुलं आणि एक आजी. कुणी हू की चू केलं नाही. प्रश्न विचारायचं काम त्याचं. मी फक्त मोबाइल धरून उभी होते.

आजी किती छान बोलली म्हणून सांगू! त्यातलं एवढंच तुम्हांला देते. त्यानं विचारलं, ‘‘आजी, दिसली की सगळी शेवळं काढायची का?’’

आजी म्हणाली, ‘‘नाय रं. चार दिसली तर दोन काढायची. दोन रानाला ठेवायची. सगळीच ओरबाडली तर पुढल्या साली तू काय खाशील नि रान काय खाईल?’’

रेकॉर्डिंगमध्ये इथं जरा शांतता आहे. मागं भांडं पडल्याचा आवाज आहे. मग एक मुलगी हळूच म्हणते, ‘‘म्हणजे जमिनीलापण डबा ठेवायचा.’’ आणि सगळे हसतात. या वेळचं हसणं शनिवारच्यासारखं नव्हतं. तुम्हांला फरक कळतो ना? कुणाला हसणं वेगळं आणि कुणाबरोबर हसणं वेगळं.

आता तुमची पाळी

तर या झाल्या माझ्या पाच आवडी. लिहून झाल्यावर लक्षात आलं, की पाचही जणी एकाच माळेतल्या निघाल्या. ग्रीननं वाचलं म्हणून स्वामी जगला. सरस्वतीबाईंनी ऐकलं म्हणून फाळके उभे राहिले. कोबायाशी मास्तरांनी चार तास दिले, म्हणून तोत्तोचान शाळेत टिकली. आणि आमच्या आजीचं रानाचं शहाणपण तेवीस मुलांपर्यंत आलं, कारण एका मुलानं ते आधी मन लावून ऐकलं होतं. आपली आवड सांगणं म्हणजे आपल्यातलं थोडं दुसऱ्याच्या हातावर ठेवणं. समोरच्यानं हात पुढे केला नाही, तर ते खाली पडतं.

म्हणून या महिन्याचा गृहपाठ. घाबरू नका, लिहायचा फार नाही! घरी, वर्गात किंवा मित्रांत एक ‘आवडीचा तास’ करा. त्याचे तीन नियम.

एक : सांगणाऱ्यानं ‘भारी’, ‘मस्त’, ‘सॉलिड’ हे शब्द वापरायचे नाहीत. त्यातली एक नेमकी जागा सांगायची. सिनेमातला एक प्रसंग, पुस्तकातलं एक पान, भाजीतली एक चव.

दोन : ऐकणाऱ्यानं मध्ये बोलायचं नाही. ‘ई’ म्हणायचं नाही. आणि घड्याळाकडे पाहायचं नाही. (हा नियम बाईंनाही लागू.)

तीन : सांगून झालं की ऐकणाऱ्यानं एक तरी प्रश्न विचारायचा. खरा प्रश्न. ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही असा.

आणि त्यातलं तुम्हांला सगळ्यात नवं काय ऐकायला मिळालं, ते मला पोस्टकार्डावर लिहून पाठवा. स्वतःची आवड नको हं, दुसऱ्याची! तुमच्या मित्राची, ताईची, आजोबांची. निवडक पत्रं पुढच्या पोतडीत घालीन.

तो मुलगा? परवाच्या शनिवारी पुन्हा आवडीचा तास झाला. त्यानं हात वर केला नाही. मीही त्याचं नाव घेतलं नाही. पण दुसरी मुलं बोलत होती, तेव्हा तो मान वर करून ऐकत होता आणि एकाला त्यानं प्रश्नही विचारला. मी त्या दिवशी घड्याळ घरीच ठेवून गेले होते.

पुढच्या शनिवारी बघू. मला घाई नाही.

तुमच्याच,
बाई